ऊर्फ

वकीलसाहेबांचा कोट चार्जरच्या वायरीत अडकला
आणि माझा लॅपटॉप स्टुलावरून
कोर्टाच्या आवारातल्या फरशीवर पालथा.
उचलला तेव्हा तो चालूच होता.
पंखा घरघरत होता,
फक्त डाव्या अंगाला दौत कलंडल्यासारखं काळं,
आणि उजवीकडे, उजेड उरला होता तेवढ्यात,
अर्धी ओळ:
ऊर्फ ताराबाई यल्लाप्पा गस्ती,
वय अंदाजे सत्तर, राहणार कडोली.
ऊर्फच्या अलीकडचं सगळं काळ्यात.

सतरा वर्षं मी इथं वडाखाली बसते.
कन्नडातले उतारे मराठीत,
मराठीतले दाखले कन्नडात,
पानाला साठ रुपये.

खडेबाजारात कुंद्याच्या दुकानावर
दस्तगीरचा गाळा.
जिन्यात आटलेल्या दुधाचा वास,
वरच्या तीन पायऱ्यांवर सोल्डरचा.
त्यानं लॅपटॉप एका जुन्या टीव्हीला जोडला,
क्षणभर दोन्ही नावं भिंतीवर शेजारी दिसली,
मग त्यानं वायर काढली.
"पॅनेल गेलंय बघा बाई.
आतलं सगळं जित्तं हाय."

ओरिजिनल पाच हजार आठशे,
कंपॅटिबल छत्तीसशे.
"कंपॅटिबल म्हंजे वाईट न्हवे.
बसतंय नीट. रंग जरा निळा मारतो."
मी पानांत हिशेब केला. साठ पानं.
निळा चालेल, म्हटलं.

माल हुबळीहून दुपारच्या बसनं यायचा होता.
तोवर फोनवर कन्नड, पोऱ्याशी उर्दू,
माझ्याशी मराठी,
आणि हुबळीच्या माणसाशी भांडताना तिन्ही.

मागच्या वर्षीच्या कॅलेंडरचं पान टेबलावर पसरून
तो एकेक स्क्रू तारखांवर ठेवत गेला.
डाव्या कोपऱ्यातला एकला, उजव्यातला दोनला,
बिजागरीचे लांब स्क्रू रविवारच्या लाल चौकटींत.
मोजणं मात्र ओठांतल्या ओठांत:
ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु.
"कन्नडात चुकत नाय," म्हणाला.
"अम्मी अंडी अशीच मोजायची."

कडेची चौकट कटकट करत सुटली.
जुन्या पॅनेलच्या पाठीवरचा नंबर
त्यानं नव्याशी ताडून बघितला,
बोट ठेवून, अक्षर न् अक्षर,
जसं मी खातेदाराचं नाव ताडते.
रिबन जोडताना तो बोलला नाही,
पोऱ्याही नाही.
खाली कढईत उलथनं खरवडत होतं तेवढंच.

शेवटी अकरा तारखेवर एक स्क्रू उरला.
"हा कुठला?"
त्यानं लॅपटॉप उलटा करून बघितला, मग सुलटा.
"कंपनीनं जास्तीचा दिला असंल,"
आणि खिशात टाकला.

"बिल कशात करू? कन्नड? मराठी?"
ज्यात लवकर होईल त्यात.
त्यानं नुसता आकडा लिहिला आणि सही.
"काचेवरचं सालपट आजच काढा, बाई.
नायतर कडेनं धूळ शिरतीया."

दुसऱ्या दिवशी म्हातारी आली,
नातवाच्या बाइकवर, पदर कानांवरून गच्च.
माहेरच्या शेताच्या कागदात ती तंगेव्वा,
सासरच्या रेशनकार्डात ताराबाई,
आणि सरकारला हे लिहून हवं होतं
की दोघी मिळून एकच बाई होते.
छापलं. नोटरीनं बघितलं.
शाईच्या गादीवर अंगठा, कागदावर अंगठा.

उठता उठता ती स्क्रीनकडे वाकली.
तिला कुठलीच लिपी येत नाही.
"यातली मी कुठली गं?"
मी बोट उचलायच्या आत
तिनंच अंगठा टेकवला,
दोन्ही नावांच्या मधोमध,
बरोबर ऊर्फवर.
"ही काय?"

नातू ओरडला, आज्जी, नवीन काच हाय ती!
मी म्हटलं, असू दे.

जांभळा ठसा सालपटावर वाळला.
रोज टाइप करताना एखादं अक्षर त्याच्याखाली जातं,
मान जरा कलती करून वाचावं लागतं.
कडेनं धूळ शिरायला लागली आहे,
दस्तगीर म्हणाला होता तशीच.